हुबेहूब अशीच वस्तू आमच्या घरी आहे

तक्रारखिडकीवर मी एकतीस वर्षं काढली. एवढ्या काळात माणूस एक तर साधू होतो, नाहीतर थापाड्या. साधूला लागतो तो संयम माझ्याकडे नव्हता. पुढचं तुम्ही ओळखा. पण ही गोष्ट खरी आहे. मी ती कुठे थोडी वाढवली असेल, तर तिथे ती मुळातच आखूड पडत होती.

आमची खिडकी फक्त कचऱ्याची. शेजारी पाण्याची, तिच्या पलीकडे दिव्यांची. पाण्याच्या खिडकीशी लोक हात जोडून यायचे आणि आमच्याकडे नाक धरून. एक बाई सात वर्षं एकाच केळीच्या सालीची तक्रार करत होत्या. साल पहिल्याच दिवशी उचलली होती. पण टाकणाऱ्याला अजून लाज वाटलेली दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक गृहस्थ वाऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन आले. वारा शेजारच्या गल्लीतला कचरा यांच्या दारात आणून टाकतो, तेव्हा त्याला नोटीस द्या. मी दिली. पुढचे तीन दिवस गावात पान हललं नाही, उकाड्याने माणसं अर्धमेली झाली, आणि शेवटी वरून फोन आला म्हणून नोटीस मागे घ्यावी लागली.

कारभार तसा सरळ होता. तक्रार आली की तिला नंबर, नंबराला मुकादम, मुकादमाला गाडी. कचरा उचलला की मुकादमाने कागद घेऊन तक्रारदाराच्या घरी जायचं आणि 'समाधान झाले' या शब्दांखाली त्याची सही आणायची. सही नसेल तर तक्रार उघडी. जागेवर मग आरशासारखी जमीन चमकत असली तरी उघडीच. हा नियम ज्या साहेबांनी काढला त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि माणसाचं समाधान होऊ शकतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

वळणाकडच्या गल्ल्या एका मुकादमबाईंकडे होत्या. बाई उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण हाताखालची आठ माणसं तिच्या भुवईवर चालायची. तिने झाडलेल्या रस्त्यावर मुंग्या घसरायच्या. मी स्वतः पाहिलंय. एका मुंगीचा पाय मुरगळला होता, पण बिचारीने तक्रार केली नाही. आणि अशी ही बाई नऊ वर्षं हंगामी. दर सहा महिन्यांनी तिला काढायचे, दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. ती म्हणायची, माझं आणि खात्याचं नवराबायकोसारखं आहे, रोज सोडतो म्हणतो आणि जेवायला घरीच येतो. हसून म्हणायची, पण घरी अंथरुणावरची सासू, तीन मुलं आणि नवऱ्याचा कधी असलेला, कधी नसलेला धंदा होता. एकदा कायम झाली की तिच्या डोक्यावरची टांगती तलवार उतरणार होती.

त्या वर्षी खात्याने ठरवलं की सहा मुकादमांना कायम करायचं. अट एकच. यादी ज्या सोमवारी लागेल, त्या दिवशी मुकादमाच्या भागात एकही तक्रार उघडी नको. सगळ्या गावात बाईचं नाव पहिलं लागायला हवं होतं. पण तिच्या नावावर अकरा तक्रारी उघड्या होत्या, आणि त्या अकराही एकाच माणसाच्या.

त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्याने यंत्रं काढून घेतली, पण मोजपट्टी काही कुणाला काढता आली नाही. ती सदऱ्याच्या खिशातच राहिली. माणूस सज्जन, पण काटेकोर. नमस्काराला वाकले तरी किती अंशात वाकले ते सांगू शकले असते. त्यांच्या घराजवळच्या वळणावर, भिंतीच्या कडेला, दर मंगळवारी कोणीतरी जुनं सामान आणून टाकायचं. काका ते मोजायचे आणि बुधवारी सकाळी त्यांचा अर्ज आमच्या पेटीत पडलेला असायचा. पहिला अर्ज मला अजून पाठ आहे: 'वळणावरील भिंतीस लागून एक लाकडी खुर्ची टाकलेली आढळली. उंची दोन फूट अकरा इंच. मागील डावा पाय पाव इंच आखूड. हुबेहूब अशीच खुर्ची आमच्या घरी आहे, परंतु आम्ही ती रस्त्यावर टाकत नाही.'

बाईची गाडी बुधवारी दुपारच्या आत सामान उचलायची. बाई सहीला जायची. काका तिला बसवायचे, पाणी द्यायचे आणि सही सोडून सगळं करायचे. वस्तू उचलली हे मान्य, म्हणायचे. पण टाकणारा कोण? तो सापडत नाही तोवर समाधान कसलं? आणि ते 'झाले' पुढे 'नाही' जोडून त्याखाली बारीक, सरळ रेघ ओढायचे. हाताने ओढलेली असून पट्टीने ओढल्यासारखी.

शिवाय दर मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते स्वतः खिडकीवर यायचे, मागच्या तक्रारीचं काय झालं ते विचारायला. मला त्यांचा कळवळा यायचा. मी त्यांना आत बोलवायचो, चहा मागवायचो आणि बारा वाजेपर्यंत बोलण्यात गुंतवायचो, म्हणजे तेवढ्या वेळात बाईला चार गल्ल्या निवांत झाडता येतील. ही माझी खात्याला मदत. तिचं पुढे काय निघालं ते कळेलच.

यादीच्या आधीच्या गुरुवारी बाई माझ्यासमोर येऊन बसली. नेहमी उभ्याने बोलणारी बाई बसली, तेव्हाच मी ओळखलं. तिने वळणावर माणूस बसवून पाहिला होता, पण माणूस बसला की सामान येत नसे आणि पाणी प्यायला उठला की कपाट हजर. कपाट हा शब्द मी वाढवलेला नाही. तिने शेजारच्या घरांत विचारलं होतं. तिथल्या तीन बायकांनी तर काकांच्या प्रत्येक अर्जाखाली साक्षीदार म्हणून सह्याही केल्या होत्या. कोणी काही पाहिलं नव्हतं.

मी अकराही अर्ज टेबलावर पसरले. एकेक वाचला तर वाटायचं, बरोबर आहे. अकरा एकदम वाचले तेव्हा वेगळंच काही दिसायला लागलं. खुर्ची: हुबेहूब अशीच आमच्या घरी आहे. पत्र्याची पेटी, कडी एकच: हुबेहूब अशीच. मोडक्या छत्र्यांची मोळी, एकूण नऊ: हुबेहूब. आरसा तडकलेलं कपाट, उजवं दार उघडताना रडतं: आमचंही असंच रडतं. मी म्हटलं, काय योगायोग आहे पाहा, या माणसाची आणि त्या चोराची आवड किती जुळते. माझं डोकं थंड आहे, ते तापायला वेळ लागतो.

बाईने शेवटचा अर्ज उचलला. जमीन मोजायच्या यंत्राखालची लाकडी तिपाई. हुबेहूब अशीच आमच्या घरी आहे.

"भाऊ," ती म्हणाली, "गावात मोजणीवाले किती आहेत?"

"एकच."

"मग तिपाया दोन कशा?"

काखेत कळसा म्हणतात तो असा समोर आला. पण स्वतःच्या घरातलं सामान मुद्दाम रस्त्यावर कोण टाकेल? काका? आणि मग स्वतःच तक्रार करतील? तसं करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती तक्रार शेजाऱ्याच्या नावाने करतात.

त्याच दुपारी आम्ही काकांच्या घरी गेलो. निमित्त काढलं की घरातल्या सारख्या वस्तू एकदा पाहू द्या, म्हणजे चोराच्या सामानाची ओळख पटेल. काका खूश झाले. पहिल्यांदाच कुणीतरी तपास शास्त्रशुद्ध करत होतं. त्यांनी आम्हाला मागच्या खोलीच्या दाराशी नेलं. दार हातभरच उघडलं. आत पायापासून छतापर्यंत खोक्यांची भिंत. खोक्यावर खोकं असं घट्ट, की मध्ये सुईसुद्धा आडवी जाऊ नये.

"या भिंतीच्या मागे आहे सगळं," काका अभिमानाने म्हणाले. नोकरीतल्या पहिल्या दिवसापासूनची एकही वस्तू त्यांनी टाकली नव्हती. आत शेवटचं कधी गेलात, असं बाईने विचारलं, तर म्हणाले, नऊ वर्षं झाली असतील. जायचं म्हटलं तर सगळी भिंत उतरवावी लागते. पण जायचं कशाला, प्रत्येक वस्तूचं माप त्यांना तोंडपाठ होतं.

तेवढ्यात भिंतीच्या मागून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग कपबशीचा आवाज. मग दबकं हसू.

"उंदीर," काका म्हणाले. "फार झालेत."

त्या घरातले उंदीर आल्याचा चहा पीत होते, तो वास मला चांगला आला. आणि पुढच्या क्षणी एक उंदीर अगदी स्पष्ट म्हणाला की राणी माझ्याकडे आहे, उगाच चेहरा पाडू नकोस. काकांना जरा कमी ऐकू यायचं. मी बाईकडे पाहिलं. तिने ओठ असे आवळले होते की हसू कानातून बाहेर येईल की काय असं वाटलं. आम्ही काकांचे आभार मानले आणि घराला वळसा घालून मागच्या बोळात गेलो.

मागचं दार काकूंनी उघडलं. काकांच्या बायको. गोल, गोऱ्या, सत्तरीच्या, हातात पत्त्यांचा पंखा. आमच्याकडे पाहिलं, बाईच्या खात्याच्या निळ्या कोटाकडे पाहिलं, आणि त्या नुसत्या बाजूला झाल्या.

आत एक खोली होती. खरीखुरी खोली. खिडकीतून ऊन येत होतं, खाली धुतलेली सतरंजी होती, एक छोटा स्टोव्ह, त्यावर भांडं, आणि मध्ये तीन शेजारणी पत्ते हातात घेऊन दगडासारख्या बसलेल्या. त्याच त्या तिघी साक्षीदार. घरातल्या दाराच्या बाजूला खोक्यांची एक रांग आतून दिसत होती, नाटकाच्या पडद्यासारखी. समोरून किल्ला, मागून मैदान.

काकूंनी काही लपवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या खिडकी उघडायला म्हणून मागच्या दाराने शिरल्या. खिडकीपर्यंत पोचायला एक पेटी हलवावी लागली. पेटी भंगारवाल्याने नेली. मग दुसरी. अशी आठ वर्षं भंगारवाला नेत राहिला आणि काकूंना कोणी विचारलं नाही. गेल्या वर्षी भंगारवाला गाव सोडून गेला आणि उरलेल्या अवजड वस्तू न्यायला कोणी मिळेना. मग या चौघींनी मिळून, जुन्या बाबागाडीवर घालून, एकेक वस्तू वळणापर्यंत ढकलली. कपाटाच्या दिवशी बाबागाडीला रडू फुटलं, असं त्यातली एक शेजारीण म्हणाली. तिच्या बोलण्यावरून ती माझ्याच जातकुळीतली असावी.

"पण काका घरी असताना?" मी विचारलं.

"मंगळवारी नसतात ना," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे येतात. फार धरून ठेवता हो त्यांना. दोन तास निवांत मिळतात."

माझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण तिघी शेजारणींना दिसलं असावं. त्यांच्यातली दगडासारखी कोणी राहिली नाही.

हसली नाही ती एकटी मुकादमबाई. तिच्या काखेत खात्याचं नोटिशीचं पुस्तक होतं. टाकणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं, एक पान फाडून काकांच्या हातात द्यायचं, की अकराच्या अकरा तक्रारी जागच्या जागी बंद. सोमवारी यादी. तिला हवं ते तिच्यापासून एका ओळीवर होतं. आणि काकूंना तिथे उभ्या उभ्या ते कळलं, कारण तिचा हात पुस्तकाकडे गेला होता.

"लिही पोरी," काकू म्हणाल्या. "माझं नाव, यांचं नाव, सगळं लिही. चूक माझी आहे. मी गाडीला फोन करायला हवा होता, पण फोन पुढच्या खोलीत आहे."

बाईने पुस्तक उघडलं. मग बंद केलं. ती खिडकीकडे बघत होती.

"आमच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं," ती म्हणाली. "दुपारी गाडीच्या मागच्या फळीवर बसून डबा खाते मी. तेवढी वीस मिनिटं. ती फळी कोणी काढून घेतली तर मी काय करीन ते मला माहीत आहे, काकू. मी नाही लिहीत."

मी एक तोडगा सुचवला. एकतीस वर्षांचा अनुभव होता. मनात सामान टाकणारा एक परगावचा टेम्पोवाला तयारच होता, मिशीसकट. बाईने मला गप्प बसवलं. सही खोट्यावर नको, म्हणाली. अजून चार दिवस आहेत.

काकूंनी हातातले पत्ते सतरंजीवर पालथे ठेवले. म्हणाल्या, माझ्या खोलीपायी तुझं पोट अडायचं असेल तर ही खोली गोड लागायची नाही. त्या खोक्यांच्या रांगेकडे गेल्या, मधलं एक खोकं दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं आणि त्या भोकातून हाक मारली. "अहो. जरा इकडे या. मागच्या खोलीत."

मग भोकात काकांचा चष्मा आला. चष्म्याने सतरंजी पाहिली, स्टोव्ह पाहिला, शेजारणी पाहिल्या, मला पाहिलं. मग तो गेला, आणि थोड्या वेळाने काका मागच्या बोळातून, चपला घालायच्या विसरून, दारात उभे राहिले.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण काकांनी खिशातून मोजपट्टी काढली. तिचं टोक एका शेजारणीच्या हातात दिलं आणि खोली मोजली. लांबी, मग रुंदी. मग पुन्हा लांबी.

"बारा बाय दहा," ते हळूच म्हणाले. "घर घेतलं तेव्हा बारा बाय दहा होती. मला वाटायचं, माझी आठवण चुकते आहे."

मग ते भिंतीला टेकून बसले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. पेटी, भंगारवाला, बाबागाडी, मंगळवार. सामान कुठे गेलं असं त्यांनी एकदाच विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, तुम्हीच तर मोजून आलात. अकरा वेळा. काकांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. ते चिडले नव्हते. ज्या जागेच्या खुणा आपण स्वतः गाडल्या, तीच ओळखू आली नाही, असं काहीतरी त्यांना झालं होतं.

बाईने पुढे होऊन पुस्तकातून सहीच्या अकरा कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्यासमोर ठेवला. टाकणारा सापडला आहे, एवढंच म्हणाली. सोमवारचं तिने काढलंच नाही. ते मी सांगितलं, कारण तेवढा निर्लज्जपणा खिडकीवर बसून येतो. नऊ वर्षं हंगामी, आणि तिची कायमची जागा या अकरा सह्यांवर अडली आहे, हे काकांना कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, ते 'झाले नाही' लिहितात ते खात्याला. ते बाईला लागतं हे त्यांच्या मोजमापात कधी आलं नव्हतं.

त्यांनी पेन काढलं. टोपण उघडलं. आणि थांबले.

"इथं लिहिलंय, समाधान झाले," ते म्हणाले. "खोटं मी लिहिणार नाही, पोरी. तुझ्यासाठीसुद्धा नाही. सदतीस वर्षांचं सामान गेलं आणि समाधान झालं असं कसं लिहू?"

बाईने मान हलवली, जणू तिला तेच उत्तर अपेक्षित होतं. मी टेम्पोवाल्याला पुन्हा मिशी लावायला घेतली.

काका काकूंकडे वळले. "तुझं झालं का समाधान?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. त्या घाईने उत्तर देणाऱ्या बाई नव्हत्या. "जवळजवळ," त्या म्हणाल्या. "आम्ही चौघी आहोत. पण ही मधूनच उठून सुनेकडे जाते. मग डाव अडतो. पाचवं माणूस लागतं."

काकांनी सतरंजीकडे पाहिलं. मग ते उठून खिडकीखालच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले, उजवा गुडघा थोडा कुरकुरला, आणि त्यांनी कागद मांडीवर घेतला. अकरा वेळा त्यांनी 'झाले' वर खूण केली आणि अकरा वेळा सही केली. शेवटच्या कागदावर सहीच्या शेजारी बारीक अक्षरात शेरा मारला: 'समाधान उभयतांचे. मोजून पाहिले.'

सोमवारी यादीत बाईचं नाव तिसरं होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा कचरागाड्यांच्या आठ भोंग्यांनी जो आवाज केला त्याने पलीकडच्या गावातल्या कोंबड्यांनी दुपारीच पहाट केली, असं सांगतात. पण मला आठवतो तो गुरुवार. सह्यांची शाई ओली होती. कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बाईने ते पत्त्यांसारखे पंख्यात धरले होते आणि ती त्यांवर फुंकर घालत उभी होती. काकू तिला म्हणाल्या, उभ्याने काय वाळवतेस, बस. तिने हातातल्या घड्याळात पाहिलं. मग बोळाच्या तोंडाशी उभ्या गाडीवाल्याला दारातूनच वीस मिनिटं थांबायची खूण केली, चपला दाराशी काढल्या, आणि काकू वाटत होत्या ते पत्ते डाव्या हाताने उचलत गेली, कारण कागद धरलेला उजवा तिला अजून मोकळा करायचा नव्हता.